ट्रान्झिशन अल्टिट्यूड जगभर एकच का नाही, आणि रेडिओवर ठरलेलेच शब्द का?

बारामतीला विमान चालवायला शिकणाऱ्या एका मुलाने विचारलंय: "सर, अमेरिकेत १८,००० फुटांपर्यंत क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरून काढलेला स्थानिक हवेचा दाब) आणि त्याच्या वर १०१३ (सगळ्यांसाठी ठरलेला एकच दाब). आपल्याकडे विमानतळागणिक वेगळा आकडा. सगळ्या जगाने एकच आकडा का ठरवून टाकला नाही? आणि ‘अफर्मेटिव्ह’ म्हटलं की आमचे इन्स्ट्रक्टर कान उपटतात, ‘अफर्म’ म्हण म्हणतात. अर्थ तर पोचतोच की!"

मी तीस वर्षं एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या खुर्चीवर काढली, त्यातली बरीचशी ॲप्रोचवर, म्हणजे उतरायला येणारी विमानं सांभाळण्यात. तू हे दोन प्रश्न विचारलेस, पण माझ्या लेखी तो एकच प्रश्न आहे. तुझ्या अल्टिमीटरवर दिसणारी उंची शेवटी कुणीतरी रेडिओवर उच्चारलेल्या चार अंकांवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या आकड्यावर उभी असते. तो आकडा कोणत्या उंचीवर बदलायचा हे ट्रान्झिशन अल्टिट्यूड ठरवते आणि तो कसा बोलायचा हे फ्रेझिऑलॉजी, म्हणजे रेडिओवरची ठरलेली शब्दरचना ठरवते. एक सुधारून दुसरं तसंच ठेवलं तर फार काही हाती लागत नाही.

आधी यंत्राकडे बघू. अल्टिमीटर उंची मोजत नाही. तो बाहेरच्या हवेचा दाब मोजतो आणि छोट्या खिडकीत तू लावलेल्या दाबाशी ताडून बघतो. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८ फूट. स्थानिक क्यूएनएच लावला की समुद्रसपाटीपासूनची उंची मिळते, म्हणजे डोंगर आणि धावपट्टी चुकवायला किंवा गाठायला उपयोगी. पण वर गेल्यावर वेगवेगळ्या गावांहून निघालेली विमानं एकमेकांच्या वाटेत येतात. प्रत्येकाने आपापल्या गावचा दाब लावून ठेवला तर एकाचे ३०,००० फूट आणि दुसऱ्याचे ३१,००० फूट यांच्यात खरोखर हजार फूट राहतीलच असं नाही. म्हणून वर सगळे १०१३.२५ लावतात, अमेरिकन मापात २९.९२ इंच. तिथली उंची फुटांत सांगायची नाही, फ्लाइट लेव्हलमध्ये, म्हणजे शेकड्यांत सांगायची: ३०,००० ला लेव्हल ३००. चढताना ट्रान्झिशन अल्टिट्यूडला बदल, उतरताना ट्रान्झिशन लेव्हलला, म्हणजे तिच्या वरच्या पहिल्या वापरता येणाऱ्या लेव्हलला बदल, आणि या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात कुणी सपाट उडत राहायचं नाही.

आता एक गोष्ट जी पुस्तकात सहसा नसते. मुंबईत जानेवारीत क्यूएनएच १०१३-१०१४ च्या आसपास असतो. म्हणजे १०१३ वरून क्यूएनएचवर यायला विसरलास तरी अल्टिमीटर वीस-तीस फुटांनी हलतो, कुणाला कळतही नाही. जुलैत तोच दाब १००२-१००३ वर येतो. तीच विसरभोळी सवय आता तीनशे फुटांची होते, आणि दिशाही वाईट: खिडकीत जास्त दाब म्हणजे अल्टिमीटर जास्त उंची दाखवतो आणि विमान प्रत्यक्षात खाली असतं. वर पाऊस, खाली ढग, आणि अंगवळणी पडलेली हिवाळ्यातली ढिलाई. आमच्या पश्चिम किनाऱ्यावर सेटिंगच्या चुका मला नेहमी पावसाळ्यातच सापडल्या. चुका बाराही महिने होत असणार, पण हिवाळ्यात त्या खपून जायच्या.

आता आकड्याकडे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, म्हणते की ट्रान्झिशन अल्टिट्यूड शक्य तितकी कमी असावी, पण सहसा ३,००० फुटांच्या खाली नको. हा झाला किमान आकडा. पुढे ज्याने त्याने आपलं बघितलं. ऑस्ट्रेलियाने १०,००० घेतली, न्यूझीलंडने १३,०००, जपानने १४,०००, अमेरिकेने १८,०००. हे आकडे आभाळातून पडलेले नाहीत. प्रत्येकाशेजारी त्या देशातला उंच डोंगर ठेवून बघ. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं कोशिउस्को ७,३१० फूट. न्यूझीलंडचं माउंट कुक १२,२१८. जपानचा फुजी १२,३८८. अलास्का सोडून अमेरिकेतलं सर्वांत उंच माउंट व्हिटनी १४,५०५. चारही ठिकाणी शिखर आकड्याच्या खाली आहे. डोंगराच्या उंचीत उडतोस तोवर तुझ्या खिडकीत खरा स्थानिक दाब आहे, हा त्यातला फायदा.

उलट ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी ३,००० फूट आहे, लंडनच्या गर्दीच्या आकाशात ६,०००. त्यांचं बेन नेव्हिस ४,४१३ फुटांचं, म्हणजे शिखर आकड्याच्या वर. युरोपात तर देश बदलला की आकडा बदलतो. तिथे सगळ्यांसाठी एकच उंच आकडा घ्यावा यावर बरीच वर्षं खल झाला, ब्रिटनने १८,००० ची तयारीही मांडली, आणि ती मागे पडली.

आपल्याकडे मी खुर्चीवर होतो तेव्हा विमानतळागणिक आकडा नकाशावर छापलेला असायचा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. इकाओचा किमान आकडा धरला तर सह्याद्रीच्या माथ्याखालीच तू १०१३ लावून मोकळा होशील. असं असलं म्हणून विमानं डोंगरावर आपटत नाहीत, कारण किमान सुरक्षित उंची आणि सर्वांत खालची वापरता येणारी लेव्हल वेगळी काढलेली असते, दाब पडला की ती लेव्हल वर सरकते. पण ते गणित कुणीतरी दर तासाला करत असतं. मला माणसाने दर तासाला करायच्या गणितापेक्षा एकदाच ठरवलेला आकडा आवडतो.

सखल आकड्याचा खरा त्रास डोंगराहूनही कामाच्या गर्दीचा आहे. जेट विमान उडाल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत ४,००० फूट ओलांडतं. त्याच मिनिटांत चाकं आत घ्यायची, फ्लॅप आवरायचे, टॉवरवरून दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर जायचं, वळायचं, वेग सांभाळायचा. नेमका तिथेच आपण त्यांना सांगतो, आता दाबही बदला. त्यातच क्लिअरन्स, म्हणजे आमची परवानगी, कधी फुटांत, कधी फ्लाइट लेव्हलमध्ये. सांगितलेली पातळी ओलांडून विमान पुढे जातं त्याला आम्ही ‘लेव्हल बस्ट’ म्हणतो, आणि अशा बस्टच्या चौकशीत न बदललेलं सेटिंग वारंवार निघतं. आकडा १०,००० च्या वर नेला की तोवर कॉकपिटमध्ये सगळं निवांत झालेलं असतं.

मग अख्ख्या जगाला १८,००० का नको? कारण ते फुकट मिळत नाही. आकडा जितका वर, तितक्या मोठ्या प्रदेशावर उडणाऱ्यांना वाटेत नवे नवे क्यूएनएच पुरवावे लागतात, म्हणजे रेडिओवर बोलणं वाढतं. अमेरिकेला ते परवडतं, त्यांची स्टेशनं दाट आहेत आणि भाषा एक आहे. शिवाय दाब फार पडला की त्यांनाही १८० ही लेव्हल बंद ठेवून वरची वापरावी लागते. आणि हिमालयासमोर तर कुठलाच आकडा पुरा पडत नाही. कांचनजंगा २८,१६९ फूट आहे, तिथे क्यूएनएच लावून विमानं उडवायला कुणी सांगणार नाही.

माझं मत विचारशील तर, जगभर एक आकडा ही हौस आहे. तिच्यामागे धावू नये. पण एका देशात एक आकडा, आणि तोही दहा हजारांच्या वर, ही गरज आहे. सह्याद्री, सातपुडा, निलगिरी सगळे त्याखाली येतात. हिमालयापुरता अपवाद ठेवा. पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या पोराला दोन टोकांना दोन आकडे पाठ करायला लावण्यात कुणाचंच भलं नाही.

इथवरचं सगळं नियमात लिहिता येतं. पुढचं तोंडातून जातं, आणि तिथेच घात होतो.

२३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर एक एअरबस ए-३२० पावसात उतरत होती. खरा क्यूएनएच होता १००१. कंट्रोलरने सांगितला १०११. वैमानिकांनी १०११ असाच परत वाचून दाखवला आणि कंट्रोलरच्या ते लक्षात आलं नाही. दहा हेक्टोपास्कल, म्हणजे २८० फूट. त्या दिवशी विमान आयएलएसवर नव्हतं. आयएलएसची उतरती वाट जमिनीवरून रेडिओ लहरींनी आखलेली असते, तिला अल्टिमीटरशी देणंघेणं नाही. हे विमान अशा ॲप्रोचवर होतं ज्यात डावं-उजवं उपग्रह सांगतात आणि वर-खाली मात्र अल्टिमीटर ठरवतो. त्यामुळे अख्खी वाटच २८० फूट खाली सरकली, आणि कॉकपिटमधले काटे सगळं आलबेल असल्याचं दाखवत राहिले. काट्यांनी निर्णयाची उंची दाखवली तेव्हा बाहेर काही दिसेना, म्हणून त्यांनी गो-अराउंड घेतला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं ठरवलं. तो वर उठण्याआधी विमान जमिनीपासून फक्त सहा फुटांवर आलं होतं, धावपट्टी अजून सुमारे दीड किलोमीटर पुढे असताना. दुसऱ्या खेपेलाही खिडकीत तोच चुकीचा आकडा होता. या वेळी धावपट्टीचे दिवे दिसले आणि त्यांनी डोळ्यांनी वाट सुधारली, म्हणून निभावलं.

‘ध’ चा ‘मा’ झाला म्हणतात तो शनिवारवाड्यावर, एका अक्षराने. इथे एका शून्याचा एक झाला.

यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळी आहे. तुझा ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला उत्तर देणारी विमानातली पेटी, जमिनीवर जी उंची पाठवतो ती नेहमी १०१३ च्या हिशोबाने जाते, तू खिडकीत काय लावलंस याच्याशी तिचा संबंध नाही. आमची यंत्रणा तिच्यात खरा क्यूएनएच मिसळून पडद्यावर दाखवते. म्हणजे तुझ्या अल्टिमीटरवर ३,००० असेल तेव्हा माझ्या पडद्यावर खरे २,७०० दिसायला हवेत. मग कंट्रोलर ओरडत का नाही? कारण पडद्यावरचा आकडा शंभर-शंभर फुटांनी बदलतो, आणि नेहमीच्या आकाशात सांगितलेल्या उंचीपेक्षा ३०० फुटांपर्यंतचा फरक नियमाने चालवून घेतला जातो. दहा हेक्टोपास्कलची चूक २८० फुटांची. ती बरोबर त्या सवलतीच्या आत मावते! मोड-एस या ट्रान्सपाँडरच्या नव्या यंत्रणेत विमानाच्या खिडकीतला दाबच खाली कळतो आणि तो जुळला नाही तर पडद्यावर इशारा देता येतो. जिथे हे बसवलंय तिथे कंट्रोलरला दुसरा डोळा मिळालाय. तसंच गगनसारख्या उपग्रह यंत्रणेवर उतरताना उभी वाटही उपग्रहांच्या मापावर आखली जाते. २०२२ च्या एप्रिलमध्ये राजस्थानात किशनगढला आपल्याकडचं असं पहिलं उतरणं एका एटीआर विमानाने केलं. हे सगळीकडे येईपर्यंत मात्र आपला कान हाच राखणदार.

आणि आपल्या कानाची एक खास देशी खोड आहे. फोन नंबर सांगताना आपण ‘डबल झिरो’, ‘ट्रिपल नाइन’ म्हणतो. आता १००१ आणि १०११ त्या पद्धतीने बोलून बघ: ‘वन डबल झिरो वन’, ‘वन झिरो डबल वन’. खरखरणाऱ्या रेडिओवर, दमलेल्या माणसाला, यातला फरक कळेल? एका पावसाळी रात्री मी स्वतः हेच केलं आहे. विमानतळाचं नाव सांगत नाही. मी ‘डबल’ वापरून १००१ दिला, पलीकडून १०११ आला आणि मी ‘करेक्ट’ म्हणून पुढच्या विमानाकडे वळलोही. शेजारी बसलेल्या शिकाऊ मुलीने कोपराने ढोसलं. ती म्हणाली, "सर, त्याने डबल वन म्हटलं." तिचे कान ताजे होते. माझ्या कानाने मला जे ऐकायचं होतं ते ऐकलं होतं. रीडबॅक, म्हणजे पलीकडून परत वाचलेला आकडा, ऐकताना माणूस आपलंच वाक्य पुन्हा ऐकतो, हा धोका अनुभवाने कमी होत नाही, वाढतोच. त्या रात्रीपासून मी ‘डबल’ हा शब्द रेडिओवर उच्चारला नाही. प्रत्येक अंक सुटा: ‘वन झिरो झिरो वन’.

दाबाच्या आकड्याचा दुसरा सापळा शहाण्यासुरत्यांना पकडतो. अमेरिकेत रुळलेला वैमानिक ‘नाइनर नाइनर टू’ (रेडिओवर नऊला ‘नाइनर’ म्हणतात) ऐकतो आणि सवयीने २९.९२ लावतो. सांगणाऱ्याचा अर्थ असतो ९९२ हेक्टोपास्कल. फरक २१ हेक्टोपास्कलचा, जवळजवळ सहाशे फूट, आणि पुन्हा खालच्या बाजूला. म्हणून दाब हजाराच्या खाली गेला की मी ‘हेक्टोपास्कल’ हा लांबलचक शब्द जोडायचोच, समोरचा कंटाळला तरी.

‘अर्थ तर पोचतोच’ म्हणतोस ना? १९८९ च्या फेब्रुवारीत क्वालालंपूरला फ्लाइंग टायगरचं मालवाहू ७४७ उतरत होतं. कंट्रोलरने २,४०० फुटांवर यायला सांगितलं, पण म्हणाला ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’. कंट्रोलरचा ‘टू’ दोनाचा अंक होता. वैमानिकांना तो ‘पर्यंत’ अशा अर्थाचा ऐकू आला. ते ४०० फुटांकडे निघाले, आकडाही तसाच परत वाचला, कुणी टोकलं नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि चौघं गेले. आज ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’ असं हजार-शेकड्यात बोलायचं ते यासाठी. ब्रिटिशांनी आणखी एक पाऊल टाकलं: उंची असेल तर ‘टू अल्टिट्यूड’ म्हणून आकडा, आणि फ्लाइट लेव्हल असेल तर ‘टू’ हा शब्दच गाळायचा. इकाओच्या नमुन्यात मात्र लेव्हलच्या आधीही ‘टू’ आहे. म्हणजे प्रमाण भाषेतही दोन घराणी! मला ब्रिटिशांचं पटतं, पण भारतात उडताना तू भारताच्या पुस्तकातलंच बोल. प्रत्येकाने आपल्याला पटेल ते निवडलं की प्रमाण उरतच नाही.

टेनेरिफच्या धावपट्टीवरची दोन ७४७ विमानांची टक्कर तुला वर्गात शिकवलीच असेल, २७ मार्च १९७७, ५८३ मृत्यू. त्यातला एकच धागा सांगतो. केएलएमच्या विमानाला दिलेल्या मार्गाच्या क्लिअरन्समध्ये, उडाल्यानंतर कुठे वळायचं हे सांगताना, ‘टेक-ऑफ’ हा शब्द येऊन गेला होता. परवानगी उडायची नव्हती, पण शब्द हवेत होता आणि कॅप्टन घाईत होता. त्यानंतर नियम झाला की ‘टेक-ऑफ’ फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. इतर वेळी ‘डिपार्चर’. त्याच न्यायाने धावपट्टीवर उभं राहून थांबण्याला अमेरिकेत ‘पोझिशन अँड होल्ड’ म्हणायचे, ते ३० सप्टेंबर २०१० पासून बाकी जगासारखं ‘लाइन अप अँड वेट’ झालं. एवढ्या मोठ्या देशाला चार शब्द बदलायला तीन दशकं लागली, यावरून सवय किती चिवट असते ते बघ.

आणि तुझं ‘अफर्म’. ‘अफर्मेटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ यांचं शेपूट सारखं आहे. बटण दाबायला क्षणभर उशीर झाला की शब्दाचं डोकं कापलं जातं आणि पलीकडे नुसतं ‘...टिव्ह’ पोचतं. होय की नाही, ते ऐकणाऱ्याच्या नशिबावर. इन्स्ट्रक्टर बरोबर आहेत.

आपल्या भूमीवरचं उदाहरण म्हणजे चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेलं सौदियाचं ७४७ लेव्हल १४० कडे चढत होतं, कझाकस्तानचं आयएल-७६ लेव्हल १५० पर्यंत उतरायचं होतं. कंट्रोलरने कझाक विमानाला समोरून दुसरं विमान येत असल्याचं सांगितलं होतं. आयएल-७६ मात्र १५० वर थांबलं नाही, आणि ३४९ माणसं गेली. लाहोटी आयोगाने तोच दोष धरला. त्या कॉकपिटमध्ये रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि त्याच्यासमोर स्वतःचा अल्टिमीटर नव्हता. मीटरमध्ये उडायची सवय असलेली मंडळी फुटांत ऐकत होती, तीही परक्या इंग्रजीत. इथे लक्षात घे, दोन्ही विमानं १०१३ वरच होती. ट्रान्झिशन अल्टिट्यूड कितीही आदर्श असती तरी ही टक्कर टळली नसती. म्हणून सांगतो, नुसता आकडा एक करण्यावर समाधान मानू नका. त्यानंतर आपल्याकडे टक्करविरोधी यंत्रणा, टीकॅस, सक्तीची झाली. रशियानेही २०११ च्या नोव्हेंबरपासून वरच्या लेव्हल फुटांत आणल्या. इंग्रजीची किमान पातळी, इकाओची लेव्हल फोर, मार्च २००८ पासून लागू झाली, पण परीक्षा पास होणं आणि पावसात, गर्दीत, दमलेलं असताना समजणं यांत अंतर राहतंच.

तुझ्या पातळीवर करण्यासारखं थोडंच आहे. क्यूएनएच ऐकल्याबरोबर गुडघ्यावरच्या पाटीवर लिही, मग लाव, मग लिहिलेलं बघून परत वाच. तोंडाने पाठ म्हणू नकोस. एटिसवरचा, म्हणजे विमानतळाच्या ध्वनिमुद्रित हवामान-माहितीतला, आणि कंट्रोलरने दिलेला आकडा एक-दोनपेक्षा जास्त वेगळा असेल तर लाजू नकोस, विचार. पॅरिसला एटिसवर १००१ बरोबरच होता. आणि निघण्याआधी, चाकं जमिनीवर असताना, क्यूएनएच लावल्यावर अल्टिमीटरने धावपट्टीची समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवायला हवी. ती दोन-तीनशे फुटांनी चुकलेली दिसली तर काचेवर टिचक्या मारत बसू नकोस, टॉवरला दाब पुन्हा विचार, आणि या वेळी अंक सुटे सुटे म्हण.